मी येईस्तोवर माहा हात धर

१

नालवाडीतल्या त्या घरात दुपारची जेवणं उरकली की समोरच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू व्हायचा. वर्षानुवर्षांचं वळण ते. आधी जाड काचेचा पडदा टक्क करून जागा व्हायचा, मग डब्यातला पंखा घरघरायचा, मग विंडोज एक्सपीची ती जुनी धून वाजायची आणि शेजारच्या अनुसयाबाई भिंतीपलीकडून म्हणायच्या, "बसले वाट्टे चिंधूभाऊ." चिंधूभाऊ बसलेले असायचेच. सिंदी रेल्वे स्टेशनावर सिग्नलच्या केबिनमध्ये केबिनमन म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुपारची झोप कुठून येणार? त्याला कसली ना कसली ड्यूटी लागतेच.

कॉम्प्युटर खरं तर अश्विनचा, त्यांच्या मुलाचा. डिप्लोम्याला असताना घेतलेला. पुढं अश्विन वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागला, लग्न झालं, घरात लॅपटॉप आला, पण हा डबा काही जागचा हलला नाही. "चालू हाये ना? मंग?" एवढंच बाबांचं म्हणणं. त्यांना इंटरनेट नको होतं की सिनेमे नको होते. हवा होता तो त्यातला पत्त्यांचा खेळ. चौघांचा डाव, बदामाची पानं अंगावर घ्यायची नाहीत आणि इस्पिकची राणी तर मुळीच नाही. एक आपण, बाकीचे तिघं कॉम्प्युटरचे.

त्या तिघांची नावं बदलता येतात हे अश्विननंच त्यांना दाखवलं होतं. सिंदीला मालधक्क्याजवळच्या कडुनिंबाखाली बाबांची चौकडी बसायची. तुळशीराम गेला तेव्हा बाबांनी बरेच दिवस खेळ उघडला नाही. मग एका दुपारी म्हणाले, "ते इंग्रज बाईचं नाव काढ, अन् तुळशीराम लिव." अश्विननं लिहिलं. नंतर गँगमन जंगू मडावी गेला, त्याचं लिहिलं. शेवटी उकंडा गेला. इंग्रजी अक्षरांतली ती तीन नावं पडद्याच्या तीन बाजूंना बसली, चौथं बाबांचं स्वतःचं खाली, आणि म्हाताऱ्याचा कडुनिंब घरात आला. अश्विन हे कॉलेजात कौतुकानं सांगायचा.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर समोरच्या खोलीत पडदा टक्क करून जागा झाला. अश्विननं डोकावून पाहिलं तर खुर्चीत माय बसली होती, प्रमिलाबाई. त्यांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता. बदाम कुठला आणि चौकट कुठली हेही त्यांना धड सांगता आलं नसतं.

२

"बसू द्या त्यायले," अश्विनची बायको रक्षा म्हणाली. "कोणी फोटोपाशी बसते, आई तिथं बसते. तेवढंच मन रमते."

अश्विनलाही ते पटलं. दुःखाला ज्याच्या त्याच्या परीनं वाट मिळते. पण हिवाळा सरला, उन्हाळा लागला, दुपारी नालवाडीचे रस्ते ओस पडायला लागले, तरी माय खुर्चीतून उठेना. आधी सकाळच्या आंघोळीपुरती तरी उठायची, आता तेही सुटत चाललं होतं. जेवायचं ताटही तिथंच, झोपही तिथंच. आणि ती खेळतही नव्हती, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. कॉम्प्युटरच्या उंदरावर, म्हणजे माउसवर, हात ठेवून नुसती पडद्याकडे पाहत राहायची.

एकदा सुट्टीच्या दिवशी तो तिच्यामागं जाऊन उभा राहिला. टेबलावर दोन पानं पडलेली, तिसऱ्याची जागा मोकळी.

"टाक ना पान, माय."

"माही पाळी नाई. उकंडा भाऊची हाये. इचार करून राह्यले ते."

"कॉम्प्युटर विचार नसते करत. डोळ्याचं पातं लवत नाई तर पान टाकते तो. हँग झाला असंन."

त्यानं उंदीर हलवला. बाण फिरला. कोपऱ्यातलं घड्याळही चालू होतं. हँग झालेल्या मशीनचं घड्याळ चालत नाही, हे तो दरवर्षी पोरांना शिकवत असे. तो खाली वाकून पाहत असतानाच उकंडाच्या बाजूनं पान सरकत आलं, किलवरची तिरी. माय म्हणाली, "पाह्य. घाई नाई त्यायले."

तेवढ्यात लाइन गेली. यूपीएस केव्हाच मेला होता, त्यामुळं डबा जागच्या जागी बंद पडला. अश्विनला बरंच वाटलं. हा जुना खेळ पानं लक्षात ठेवत नाही, बंद पडला की डाव मोडला. नव्यानं पानं वाटली जातील आणि निदान मायची ही समाधी तरी उतरेल.

लाइन आली, त्यानंच कॉम्प्युटर सुरू केला, खेळ उघडला. टेबलावर तीच पानं होती. किलवरची तिरी होती तिथंच होती. खाली Chindhu, आणि मायची पाळी.

जुन्या मशीनमध्ये कधी कधी कुठं काय साचून राहतं, सांगता येत नाही. अश्विननं स्वतःला असं समजावलं आणि चहा प्यायला आत गेला. बाबांनी भुताखेतांना या घरात कधी थारा दिला नव्हता, आणि त्यांच्या पोरानं तो द्यावा हे काही शोभलं नसतं.

३

मायच्या पायाचं पहिल्यांदा रक्षाला दिसलं. टेबलाखालची फरशी पुसताना तिला वास आला. डाव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला होता आणि त्याच्या बाजूनं कातडी सुटली होती. मायला साखर होती. गोळ्या रक्षा देत होती, पण दिवसदिवस पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर गोळी तरी किती पुरी पडणार? डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. आज नेलं तर अंगठ्यावर भागेल. थांबाल तर पाय जाईल, आणि त्याहून थांबाल तर मला विचारू नका."

"नाई येत," माय म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता, नाइलाज होता. "हात सोडून कशी येऊ?"

"कोणाचा हात?"

तेव्हा तिनं सांगितलं. सहा महिने पोटात ठेवलेलं सांगितलं.

केबिनमनला रिलिव्हर आल्याशिवाय केबिन सोडता येत नाही. घरी आग लागो की बायको अडो, दुसरा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत पहिल्यानं तिथून हलायचं नाही. बाबांच्या चौकडीनं हाच कायदा पत्त्यांना लावला होता. मधेच कुणाला गाडीसाठी हाक आली की जवळ उभ्या असलेल्याच्या हातात आपली पानं द्यायची आणि म्हणायचं, मी येईस्तोवर माहा हात धर. ज्यानं धरला त्यानं, खेळ येवो न येवो, मूळ माणूस येऊन पानं परत घेईपर्यंत उठायचं नाही. अश्विनला हे लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेतून येताना कितीदा तरी त्यानंही जंगूमामाचा हात धरला होता, आणि लघवी लागली तरी उठला नव्हता.

"तुह्या बाबाच्या छातीत दुखलं त्या दिवशी," माय म्हणाली. "मले हाक मारली. म्हणे, प्रमिला, माहा हात धर, आलोच मी. अन् न्हाणीत गेले. मी बसली."

"मंग?"

"पडल्याचा आवाज आला."

त्या दिवशी रक्षा माहेरी होती, आणि संध्याकाळी अश्विन कॉलेजातून आला तेव्हा न्हाणीचं दार आतून अडलं होतं. माय खुर्चीत होती. घाबरून बसली असेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

"उठली काऊन नाई तू?"

"त्यायनं सांगतलं होतं ना, मी येईस्तोवर." ती पडद्याकडे वळली. "अजून आले कुठी ते?"

त्याला तिचा संताप आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या संतापाची लाज वाटली.

४

संताप मग त्यानं डब्यावर काढला. वायरी उपटल्या, अख्खा कॉम्प्युटर, पडदा सोडून, उचलून माळ्यावर टाकला आणि रक्षाला म्हणाला, "ऑटो सांग."

ऑटो आला आणि रिकामा गेला. माय खुर्चीतून उठलीच नाही. काळ्या पडद्यासमोर ती तशीच बसली होती, वायर सुटलेल्या उंदरावर हात ठेवून. दोघांनी तिला काखेत हात घालून उचलायला पाहिलं, तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही. तिचे डोळे पांढरे झाले आणि अंग घामानं भिजलं. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, साखर एकदम उतरली असेल, काहीतरी गोड द्या. गोड दिलं. पुन्हा खुर्चीत टेकवल्यावर ती सावरली. गुळाच्या खड्यानं सावरली की खुर्चीनं, हे अश्विननं स्वतःला विचारलं नाही.

थोड्या वेळानं अनुसयाबाई वाटीभर विरजण मागायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "सुधरला वाट्टे तुमचा कॉम्पुटर. पत्ते पिसल्याचा आवाज येऊन राह्यला मघापासून."

त्या खेळात पत्ते पिसल्याचा आवाज नाही. पानं गुपचूप वाटली जातात. आणि डबा तर वायरी उपटून माळ्यावर पडला होता.

अश्विननं डबा माळ्यावरून उतरवला आणि वायरी जोडल्या. एक्सपी उठलं, खेळ उघडला. पानं पुढं गेली होती. माळ्यावर असताना दोन हात होऊन गेले होते आणि आता पाळी पुन्हा मायची होती. तिनं एक पान निवडलं. डाव्या पायाचा वास आता दारापर्यंत येत होता.

त्याला एवढंच कळत होतं की माय हातची चाललीय. बाकी सगळं खरं की खोटं, यावर डोकं चालवायला वेळ नव्हता. तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, ऊठ. माह्याजवळ दे. मी धरतो हात."

मायनं त्याच्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी ती त्याच्याकडे सरळ पाहत होती.

"नोको बाबू," ती म्हणाली.

"दे."

तिची बोटं उंदरावरून सुटली. त्यानं आपला हात ठेवला. माय काळा पाय घेऊन, भिंतीला धरून, कुणाच्या मदतीशिवाय दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "रक्षा, बाई, भूक लागली व."

५

रक्षा तिला घेऊन ऑटोनं गेली. घरात अश्विन एकटा उरला. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि कूलरचा आवाज खोलीभर होता. पडद्यावर जंगूची पाळी होती.

त्याला स्वतःचंच हसू आलं. एम.सी.ए. झालेला माणूस, मेलेल्यांच्या पाळीची वाट पाहतोय. माय दवाखान्यात पोचली, आता कशाला बसायचं? तो उठला. चप्पल घातली. फाटकाची कडी काढतो तोच फोन वाजला.

"अहो, काय झालं तिकडं?" रक्षा विचारत होती. "आई पलंगावरून उतरून राह्यली. दोन नर्सबाया धरून हायेत. म्हणते, अश्विन उठला, मले जाऊ द्या, अश्विन उठला."

तो धावत आत आला आणि खुर्चीत बसला. फोन कानाला तसाच होता. पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता, मग कमी झाला, मग नुसता पंख्याचा आवाज.

"झोपली आता," रक्षा म्हणाली. "मशीनले सगळं लावलं. तुम्ही काही बोलले का तिले फोनवर?"

"नाई," तो म्हणाला.

त्यानंतर तो उठला नाही. पान यायचं, तो पान टाकायचा. लक्ष देऊन पाहिल्यावर खेळण्याची ढबही कळायला लागली. तुळशीराम फटकन मोकळा व्हायचा. जंगू हसत हसत खेळत असावा, असं उगाच वाटायचं. उकंडा थांबायचा. बाबा सांगायचे अगदी तसंच.

लाइन गेली तेव्हा कूलर धापा टाकत थांबला, पडदा एका ठिपक्याएवढा होऊन विझला आणि खोलीत एकदम शांतता झाली. टेबलाच्या बाजूला, भिंतीला लागून दिवाण होता. त्यावर रक्षा रोज सोलापुरी चादर ताणून घालायची. अश्विननं सहज तिकडं पाहिलं. चादर ताणलेली नव्हती. तीन ठिकाणी ती बसली होती, माणूस टेकल्यावर गादी बसते तशी.

सकाळी पाहुणे येऊन गेले असतील. पण सकाळपासून घरात डॉक्टर आणि अनुसयाबाईंशिवाय कुणी आलं नव्हतं, आणि ती दोघंही उभीच होती.

मग दिवाण करकरला. भिंतीकडचा खळगा हळूहळू भरून वर आला आणि त्याच्या अलीकडं, मधल्या खळग्याला चिकटून, नवा खळगा पडला. मधलाही आणि तिसराही तसेच थोडे इकडं सरकले. कुणाला तरी जागा करून द्यायला माणसं सरकतात, तशी ती सरकत होती. भिंतीजवळ आता एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी झाली होती.

अश्विननं मान फिरवून काळ्या पडद्यावर डोळे रोवले, आणि मग पडद्यात खोली दिसेल या भीतीनं तेही मिटून घेतले. त्याच्या हाताखालचा उंदीर गरम होता.

लाइन आली. डबा आपोआप सुरू झाला. तशी सोय असते जुन्या मशीनमध्ये, वीज आली की आपणहून उठायची. खेळही आपोआप उघडला. बाबांनीच कधीतरी तसं कुणाकडून करून घेतलं असेल. त्यानं दिवाणाकडं पाहिलं नाही.

६

ऊन उतरायच्या आत रक्षाची स्कुटी फाटकाशी थांबली. ती दवाखान्यातून ऑटोनं अर्ध्यात येऊन बहिणीची गाडी घेऊन आली होती. चेहरा उन्हानं आणि रडण्यानं लाल झाला होता.

"चला लवकर. पाय नाई, नुसता पंजाच काढावा लागते म्हणतात, पण आत्ताच काढावा लागते. जहर वर चढून राह्यलं. सही पायजे."

"तू नाई केली?"

"माही नाई चालत. रक्ताचा माणूस पायजे म्हणतात. फोनवर सांगून पाह्यलं, नाई ऐकत." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "उठा ना."

"रक्षा, मी उठलो का तिकडं माय…" फोनवर काय ऐकू आलं होतं ते दोघांनाही आठवलं.

रक्षाला भोळी म्हणता आलं नसतं. तिनं पडद्याकडे पाहिलं, सासूच्या त्या खुर्चीकडे पाहिलं. पण तिच्या डोळ्यांपुढं दवाखान्यातली खाट होती, आणि त्यापुढं बाकी सगळं तिला म्हाताऱ्या माणसाच्या समजुतीइतकं वाटत होतं.

"आईच्या जिवाले कोणी तरी बसलं पायजे, असंच ना?" ती म्हणाली. "मी बसतो. तुम्ही सही करून या."

अश्विनला सांगता आलं असतं. दिवाणाकडं बोट दाखवता आलं असतं. बस म्हणू नये, हे त्याला स्वच्छ कळत होतं. मायचा पाय त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि गाडीनं दवाखाना दूर नव्हता. सही करून लगेच परत येऊ, त्यानं मनाशी म्हटलं. आलोच.

"इस्पिकची राणी सांभाळजो," तो म्हणाला. "पाळी आल्याशिवाय पान टाकू नोको. अन् काही झालं तरी, कसलाही आवाज आला तरी, मी येईस्तोवर उठू नोको."

"नाई उठत. जा तुम्ही."

त्यानं उंदरावरचा हात काढला. तिनं ठेवला. त्याचं अंग इतकं हलकं झालं की खुर्चीतून उठताना तो अडखळला, आणि त्या हलकेपणाचा त्याला किळस आला.

फाटकाबाहेर येऊन त्यानं स्कुटी वळवली. खिडकी उघडी होती आणि खोलीत पडद्याचा निळसर उजेड होता. रक्षा पाठमोरी दिसत होती. मग तिनं खुर्ची जराशी दिवाणाकडं वळवली, आणि खांद्यावरची ओढणी उचलून डोक्यावर घेतली. एवढ्या वर्षांच्या संसारात रक्षानं डोक्यावर ओढणी फक्त सासऱ्यासमोर घेतली होती.

"बसा ना," आतून तिचा आवाज आला, पाहुण्यांशी बोलताना असायचा तसा, हळू आणि अदबीचा. "बसा, बसा. जागा हाये."

अश्विन गाडीवर बसून होता. हाक मारली तर ती वळून पाहील, आणि पाहिलं तर कदाचित उठेलही. दवाखान्यात तिकडं पलंगावर माय होती.

त्यानं हाक मारली नाही. गाडी सुरू केली आणि वर्ध्याच्या रस्त्याला लावली.